घारीचा तुकडा

उशीच्या अभ्र्याच्या तीन बाजू शिवून झाल्या होत्या. चौथीला हात घातला आणि दोरा संपला. सुईत दोरा ओवणं आमच्या घरात माझ्याकडे नाही, ते ताईंकडे. ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय सत्तेचाळीस, लग्न केलं नाही. पंचवीस वर्षं संगणकाच्या चिपच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसतात आणि संध्याकाळी आमच्यात असतात. सुईकडे न बघता, बोलता बोलता दोरा असा ओवतात की जणू सुईनेच तोंड उघडून तो घेतला.

त्या बुधवारी दुपारी अडीचलाच त्या दारात उभ्या राहिल्या. एरवी सहाच्या आत कधी येत नाहीत. मी पाणी दिलं, सुई पुढे केली. त्यांनी दोरा ओला केला, नेम धरला आणि चुकल्या. पुन्हा चुकल्या. तिसऱ्यांदा सुई टेबलावर ठेवून दिली आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. टेबलाखाली त्यांचा पाय हलायला लागला होता.

या पायाचं आधी सांगायला हवं. कारखान्यात त्यांच्या टेबलाखाली दहा वर्षांपूर्वी बसवलेली दोन पेडल आहेत. भिंगाखाली चिपचा तुकडा आला की बघायचा. चांगला असेल तर डावं पेडल, खराब असेल तर उजवं. दर वेळी वर बसवलेला कॅमेरा तुकड्याचं चित्र काढतो आणि पायाने काय सांगितलं ते त्या चित्राला चिकटतं. हात मोकळे राहावेत म्हणून ही सोय. पण आठ वर्षं दिवसाला हजारो वेळा पाय असे चालल्यावर ते घरी येऊन थांबणार कसे? जेवताना ताई कोणाकडे टक लावून पाहायला लागल्या की खाली एक पाय हळूच दबतो. त्यांना ते कळतसुद्धा नाही. आमच्या ह्यांनी त्याची कधीच चेष्टा करून ठेवली आहे. एकदा विचारलं, "ताई, मला पास केलंस की बाद?" ताई म्हणाल्या, "तुला फेरतपासणीत ठेवलाय. पंचेचाळीस वर्षं झाली, निकाल लागत नाही."

मी हसले होते. पण मागच्या महिन्यात मी सकाळची प्रार्थना म्हणत होते, डोळे अर्धे मिटलेले, समोर ताई चहा पीत बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि खाली पाय दबला. उजवा. मी पाठ केलेल्या ओळी त्या दिवशी दोनदा विसरले.  रात्री रोजनिशीच्या वहीत ते लिहिलं.

ताईंना नोकरी लागली तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. शाळा किती झाली हे कोणी विचारलं नव्हतं म्हणे. एका बाईने ओळीने पस्तीस मुलींना उभं केलं, हात पुढे करायला लावले, तळव्यावर कागद ठेवला आणि कोणाचा कागद थरथरत नाही ते पाहिलं. मग एक चिमटा, वाटीभर मोहरी आणि भोकं पाडलेली पत्र्याची पट्टी. भोकाभोकात एकेक दाणा ठेवायचा. अर्ध्या तासात ज्यांची पट्टी भरली त्या आत. ताईंची भरली, आणि त्यांच्या शेजारच्या मुलीची त्यांच्याआधी भरली.

ती मुलगी म्हणजे घारी. नाव निराळं होतं, पण कारखान्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, तोंडावर मास्क. माणूस म्हणून उरतात ते फक्त डोळे. हिचे डोळे घारे. तेव्हा ती घारी. ताई सांगतात, त्या हॉलमध्ये शिरलं की पहिली काही वर्षं भीती वाटायची. हवा सतत एकाच सुरात घुमते, उजेड सगळीकडून सारखा, कोणाची सावली पडत नाही, आणि तीस पांढऱ्या आकृत्या वाकून बसलेल्या. कोण कोणाशेजारी आहे ते मान वर केली तरच कळतं. अशा वेळी शेजारून ते घारे डोळे वर व्हायचे आणि एक डोळा मिटायचा. मग बरं वाटायचं.

घारीच्या टेबलावर नुसती पहिली तपासणी, ताईंच्या टेबलावर पहिली तपासणीही आणि फेरतपासणीही. घारीने खराब म्हणून बाजूला काढलेले तुकडे ताईंकडे यायचे. ते मात्र ताई पेडल न वापरता हाताने, साध्या भिंगाखाली बघायच्या. खरंच खराब असतील तर डब्यात, नाहीतर परत ट्रेमध्ये. तुकडा म्हणजे नखाच्या टोकाएवढी चिप, आणि तिच्यावर केसाहून बारीक सोन्याच्या तारा, कमानीसारख्या वाकवलेल्या. कमान चेपली, शेजारच्या कमानीला टेकली, चिपला टेकते त्या टाचेशी चिरली की तो तुकडा गेला. अशी तेवीस वर्षं त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या. दोन वर्षांपूर्वी घारी आजारी पडली आणि तीन महिन्यांत गेली. हॉलबाहेरच्या भिंतीवर तिचा फोटो लावला आहे. खाली लिहिलं आहे की इतक्या वर्षांत हिच्या हातून एकही चुकीचा निकाल गेला नाही.

त्यानंतर आलं यंत्र. ते काही निराळं शिकून आलेलं नव्हतं. ह्याच बायकांच्या पायांनी आठ वर्षं जी चित्रं चांगली-खराब ठरवली, ती सगळी त्याला दाखवली, आणि ते शिकलं. सगळ्यांत जास्त चित्रं घारीची, कारण तिचा हात सगळ्यांत जलद. तीस स्टुलं होती, त्यांची बारा झाली. जेवणाच्या खोलीत बायका म्हणायच्या, शिकवायचं आपण आणि उठवायचं त्याने आपल्यालाच. त्यापेक्षा जावई बरा, तो निदान जेवून निघून तरी जातो.

मग सांगण्यात आलं की बारांतल्या दोघीच राहतील. पण त्यांचं काम तुकडे बघायचं नसेल. यंत्र तुकडा बाद का करतं हे त्यांनी सांगायचं, पडद्यावर ठिपक्यांचे आलेख वाचायचे, यंत्र चुकत असेल तर कुठे आणि कशामुळे ते लिहून द्यायचं. दोन महिने जेवणाच्या खोलीतच वर्ग भरला. शिकवायला एक तरुण इंजिनीअर बाई. तिचं नाव बायकांनी पहिल्याच दिवशी प्रश्नबाई पाडलं, कारण कोणी काही म्हणालं की ती शांतपणे विचारायची, "का?" तुकडा खराब आहे. का? कमान बरोबर नाही. का वाटलं तसं? ताई रोज घरी येऊन म्हणायच्या, "वहिनी, पंचवीस वर्षं मला दिसतंय. का दिसतंय हे कोणी विचारलं नव्हतं गं." मी भाजी चिरता चिरता त्यांना सराव म्हणून विचारायचे, हा टोमॅटो का नको? त्या म्हणायच्या, नको म्हणून नको. मग दोघी हसायचो, आणि मग त्या तोच टोमॅटो पुन्हा उजेडाला धरायच्या. ताईंना त्या टेबलावाचून दुसरं आयुष्य नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेसातला त्या चपला घालून दाराशी जाऊन परत येतात.

शेवटची परीक्षा शुक्रवारी होती. आणि बुधवारी अडीचला त्या अशा येऊन बसल्या.

पाण्याचा पेला बाजूला सारून म्हणाल्या, "वहिनी, घारी तिथे आहे."

मी हातातला अभ्रा खाली ठेवला. ताई देवाचं नाव फारसं घेत नाहीत, भुताखेतांचं तर मुळीच नाही. म्हटलं, कुठे आहे?

"यंत्रात."

मग त्यांनी सांगितलं. त्या सांगत होत्या तेव्हा लख्ख दुपार होती, खिडकी उघडी होती, खाली कोणी सायकलची घंटी वाजवत होतं, आणि तरी मी एकदा मागे वळून पाहिलं.

यंत्राने बाद केलेले तुकडे अजून ताईंकडेच फेरतपासणीला येत होते. गेले काही महिने दर ट्रेमागे एक तुकडा असा यायचा की त्यात काही दोषच नाही. नुसता चांगला नव्हे. ट्रेमधला सगळ्यांत सुरेख. कमानी एकसारख्या, जशा कोणी श्वास रोखून काढल्या असाव्यात. ताईंनी आधी तो मुकाट्याने परत ठेवला. दुसऱ्या ट्रेत पुन्हा तसाच. तिसऱ्यात पुन्हा. सगळे इंजिनीअर डोकं खाजवत होते, कोणालाच कळत नव्हतं की इतकं हुशार यंत्र नेमका सर्वांत निर्दोष तुकडा का फेकतं.

ताईंना मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती घारीची सवय होती.

हजारो तुकडे बघून बघून नजर मरते. सगळंच बरं दिसायला लागतं. म्हणून घारी दर ट्रेमधून एक सर्वांत देखणा तुकडा निवडून बाजूला काढायची आणि मधेमधे तोच भिंगाखाली घ्यायची. म्हणायची, हा माझा विसाव्याचा तुकडा, ह्याच्याकडे पाहिलं की डोळे परत येतात. पण ट्रेमधून तुकडा बाहेर काढायचा तर उजवं पेडल दाबावंच लागे, त्याशिवाय तुकडा धरून ठेवणारी खाच उघडत नसे. नियमात बसणारं नव्हतं. ट्रे संपला की ती तो तुकडा खराब तुकड्यांबरोबर ताईंकडे सरकवायची, डोळा मिटायची, आणि ताई तो ट्रेमध्ये परत ठेवायच्या. आठ वर्षं. तुकडा वाया गेला नाही, कोणाचं नुकसान झालं नाही. फक्त त्याच्या चित्रावर "खराब" लिहिलं गेलं आणि ते पुसायचं कोणाच्या मनातही आलं नाही. चित्रं कोणी कधी बघेल असं तेव्हा वाटलंच नव्हतं.

"मी खात्री करून पाहिली," ताई म्हणाल्या. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक ट्रे मुद्दाम भरला होता. सगळे साधे तुकडे, त्यात दोन सारखेच देखणे. घारी असती तर तिने दोघांतला कुठला घेतला असता हे त्यांना माहीत होतं. ज्याच्या कडेच्या तारेची कमान अंमळ डावीकडे कललेली असे तो. तसल्या तुकड्याला ती म्हणायची, बघ, हा कान देऊन ऐकतोय. ताईंनी ट्रे यंत्रात सरकवला आणि बाजूला उभ्या राहिल्या. यंत्राचा दिवा तुकड्यातुकड्यावरून सरसर जात होता. पहिल्या देखण्या तुकड्यावरून तसाच पुढे गेला. दुसऱ्यावर आला आणि थांबला.

"थांबला म्हणजे?"

"ती थांबायची तेवढा. ती पेडल दाबायच्या आधी श्वास धरायची ना, तेवढा. मग बाद."

कोणी नव्हतं हॉलमध्ये त्या वेळी. अठरा रिकाम्या स्टुलांच्या जागी आता नुसती जमीन चकाकते. ताई म्हणाल्या, मास्कच्या आत माझ्या तोंडून तिचं नाव गेलं. आणि हवेचा तो सूर तसाच चालू होता. बरं नाही असं सांगून त्या घरी निघून आल्या.

 मग ताईंनी खरं ते विचारलं. शुक्रवारच्या परीक्षेत प्रश्नबाई हाच प्रश्न घालणार हे उघड होतं, कारण यंत्राचं दुसरं कोडंच उरलं नव्हतं. उत्तर फक्त ताईंना माहीत. सांगितलं तर जागा त्यांची. पण सांगायचं म्हणजे भिंतीवरच्या त्या फोटोखालचं वाक्य खोटं आहे असं सांगायचं, आणि घारी स्वतःची बाजू मांडायला येणार नाही. घारीची आई अजून आहे. महिन्यातून एकदा ती कारखान्याच्या फाटकाशी येते, पहारेकऱ्याला सांगून आत जाते, फोटोची काच पदराने पुसते आणि परत जाते.

"सांगू की नको?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. संध्याकाळी देवासमोर बसले. नेहमी मन लागतं, तेव्हा लागेना. ताईंचं टेबल डोळ्यांपुढे यायचं, आणि मग काच पुसणारा एक हात. उठून स्वयंपाकघरात गेले आणि ताईंना म्हटलं, नका सांगू. गेलेल्या माणसाच्या नावाला हात लावू नये. जागा गेली तर गेली, घर आहे. ताई म्हणाल्या, बरं. ताटं मांडताना त्या ठीक दिसत होत्या. गुरुवारी सुट्टी घेतली नाही, कामावर गेल्या, वेळेवर आल्या. अभ्रा तसाच पडून होता; सुईला हात लावायचं आम्हा दोघींच्याही मनात आलं नाही.

शुक्रवारी काय झालं ते त्यांनी आल्याआल्या सांगितलं, टोपीने दाबलेले केससुद्धा न सोडता.

प्रश्नबाईंनी एक ट्रे पुढे ठेवला. यंत्र चालू केलं. दिवा सरसर गेला, थांबला, तुकडा बाद. प्रश्नबाईंनी विचारलं, हे का? ताई म्हणाल्या, माहीत नाही. ठरल्याप्रमाणे. प्रश्नबाईंनी कागदावर तसं लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाल्या की आता फारसं अडणार नाही. सोमवारपासून फेरतपासणीचं टेबल उठणार आहे. यंत्र बाद करेल ते थेट खाली चुरायला जाईल. ट्रेमागे एक चांगला तुकडा जाईल, पण तेवढं सोसायचं असं वरच्यांनी ठरवलं आहे.

ताई उठायला निघाल्या होत्या. त्या बसल्या.

"वहिनी, तिने आयुष्यात एक चांगला तुकडा मोडू दिला नाही गं. आणि आता तिच्याच हाताने दर ट्रेमधला सर्वांत चांगला चुरायचा? रोज? मी घरी बसून हे ऐकत राहणार होते?"

त्यांनी सगळं सांगितलं. मोहरीच्या पट्टीपासून. विसाव्याचा तुकडा, उजवं पेडल, मिटलेला डोळा, ऐकणारी कमान. स्वतःचा हातही त्यात होता हेसुद्धा. प्रश्नबाई मधे एकदाही "का" म्हणाल्या नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "ती पेडल दाबायला उशीर करायची का?" ताई हो म्हणाल्या. तेव्हा प्रश्नबाईंनी मास्क सारखा केला आणि हळू आवाजात समजावलं की ज्या चित्राचा निकाल उशिरा दिला गेला, ते अवघड समजून दोनदा बघायचं, असं यंत्राला शिकवलं आहे. म्हणून ते तिथे थांबतं. ताई म्हणाल्या, कारण कळल्यावर भीती जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. उलट नीट कळलं की तो श्वास तिचाच आहे.

फोटो राहणार आहे. प्रश्नबाई म्हणाल्या, हिने चुकीचा तुकडा कधी पुढे जाऊ दिला नाही, हे खरंच आहे. वाक्य बदलायचं कारण नाही. आणि ताईंची जागाही पक्की झाली.

मी देवाचे आभार मानायला हात जोडले. ताईंनी मला थांबवलं.

"काम काय दिलंय ते ऐक आधी."

घारीने खराब ठरवलेली सगळी चित्रं सोमवारपासून ताईंच्या पुढे येणार आहेत. किती हजार, ते अजून मोजून व्हायचं आहे. त्यांतली खरी खराब कोणती आणि विसाव्याची कोणती, हे जगात आता एकट्या ताईच सांगू शकतात. विसाव्याचं चित्र आलं की डावं पेडल. चांगला. सगळी झाली की यंत्राला ती नव्याने दाखवायची. त्यानंतर यंत्र त्या तुकड्यांवर थांबणार नाही.

"म्हणजे मी तिला एकेक करून पुसणार," ताई म्हणाल्या. "आणि त्यासाठी दर चित्राला तिच्यासारखंच बघावं लागणार. नाहीतर ओळखू कशी?"

हे आत आले, कसा गेला पेपर म्हणून विचारलं. ताई म्हणाल्या, पास झाले. हे खुशीत म्हणाले, आता निदान माझा निकाल लावून टाक. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मला वाटलं त्यांनी श्वास धरला आहे. टेबलाखाली पाय दबला. उजवाच. या खेपेला मला वाईट वाटलं नाही, पण बरं वाटलं असंही सांगता येत नाही. ज्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं जात होतं ते ताईंचे काळेभोर डोळे होते, हे मी दोनदा पाहून घेतलं.

आज शनिवार. सकाळी ताईंनी सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला, खिडकीबाहेर बघत. अभ्र्याची चौथी बाजू मी पूर्ण केली. मग त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक चिमटा काढून टेबलावर ठेवला. घारीचा. कारखान्यातली तिची पेटी रिकामी केली तेव्हा तो ताईंनी ठेवून घेतला होता आणि दोन वर्षं त्याच्याविषयी कोणाला काही बोलल्या नव्हत्या. टोकं अजून इतकी जुळलेली की उजेडासमोर धरला तर मधे फट दिसत नाही.

तिच्या आईला सगळं सांगणार का, असं मी विचारलं. म्हणाल्या, पुसायच्या आधी सांगायला नको का?

या खेपेला मी सल्ला दिला नाही. चार वाजताच्या बसने ताई घारीच्या आईकडे चिमटा द्यायला जाणार आहेत.